शब्बाथाला सापडलेली अळी

आखमोर, स्पे नदीकाठ
सोमवार, २८ ऑगस्ट १९८९

प्रिय रोडा,

तुझं कार्ड पोचलं. गुडघ्याला उतार आहे हे वाचून बरं वाटलं. शेफील्डच्या जिन्यांना नावं ठेवण्यापेक्षा केक कमी कर, असं डंकन म्हणतो. मी म्हणत नाही.

कोबीवरच्या माव्यात सापडलेल्या फुलमाशीच्या अळ्यांची नोंद सोबत आहे. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे, पाठीमागून कोरा होता. हसायचं असेल तर हस, पण टाकून देऊ नकोस.

आजचं पत्र मात्र कोबीसाठी नाही. काल उपासना आटोपून आम्ही नवरा-बायको चर्चच्या माळावरून घरी येत होतो. तिथं थरथऱ्याची मोडून पडलेली खोडं आहेत ना, त्यांच्याजवळून. आपण दोघी बहिणी लहानपणी जाता-येता ढेकळं मारायचो तीच झाडं. प्रभूचा क्रूस थरथऱ्याच्या लाकडाचा होता, म्हणून वारा नसला तरी त्याची पानं कापतात, असं आजी सांगायची आणि आपण इमानानं नेम धरायचो. शनिवारी रात्री वारा सुटला होता. एका खोडाची साल निघून पायवाटेवर पडली होती. डंकनचा पाय अडकेल म्हणून मी ती उचलली, तर हातात उलटी झाली. आतून ओला, तपकिरी, आंबूस वासाचा लगदा आणि त्यात एक अळी.

मी बघत राहिले, रोडा. मळकट पांढरी, करंगळीच्या नखाएवढी. डोकं कुठलं ते कळू नये अशी, पण मागच्या टोकाला श्वास घ्यायची आखूड, काळपट नळी. नळी म्हणजे फुलमाशीचं लेकरू, एवढं तू गेल्या उन्हाळ्यात मला शिकवलंस. डंकननं बाही ओढली. "चल, मागून लोक येताहेत," म्हणाला. मी साल पुन्हा खोडावर बसवली, वर दगड ठेवला आणि घरी येऊन शनिवारी उकडून ठेवलेले बटाटे खाल्ले. शब्बाथ होता, रविवारी काम करायचं नाही, म्हणून भिंगाला हात लावला नाही.

आज सकाळी मात्र भिंग आणि तंबाखूचा रिकामा डबा घेऊन गेले. एक अळी लगद्यासकट आणि तिच्या नोंदीच्या छापील कागदासकट वेगळ्या पार्सलनं पाठवते आहे. टपालातल्या बाईनं आत काय आहे विचारलं. अळी म्हटलं. ते ऐकून तिनं डबा दोन बोटांच्या चिमटीत धरला.

हे सगळं घाईनं लिहितेय, कारण आमचा आर्ची. चर्चच्या वडीलमंडळाचा चिटणीस झाल्यापासून माझ्या या मोठ्या दिराला माळावर काडी पडलेली खपत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या शब्बाथाला प्रभुभोजन आहे, पाच गावांची मंडळी येणार. त्याआधी माळ लख्ख करायचा आणि ती सगळी खोडं जाळायची, असं त्यानं ठरवलंय. नदीच्या या अंगाला थरथऱ्याची मेलेली खोडं तेवढीच आहेत. पलीकडं मेंढरं कोवळी झाडं वाढू देत नाहीत. अळी कोणती आहे ते लवकर कळव.

तुझी,
एफी

•

शेफील्ड
२ सप्टेंबर

एफी,

डबा आला. अळी जिवंत आहे आणि वास तिच्याहून जिवंत. खालच्या मजल्यावरची मिसेस ब्लँड विचारून गेली की माझं काही आंबलंय का.

तू उड्या मारू नयेस म्हणून आधीच सांगते, सडक्या लाकडात असल्या अळ्या ढिगानं असतात. मला ती साधीच वाटते. तरी सोमवारी म्युझियममध्ये मिस्टर पेटीफरांना दाखवते. मी तिथं फुकट लेबलं चिकटवते, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

दुसरी गोष्ट. नोंदीच्या कागदावर 'पहिल्यांदा कधी दिसली' समोर तू २७ ऑगस्ट लिहिलंयस. भिंतीवर कॅलेंडर असेल तर बघ, म्हणजे त्याची मागची बाजू वापरून झाली नसेल तर. २७ ला रविवार होता. माळ चर्चचा, चिटणीस आर्ची, आणि तू शब्बाथाला सालीखाली डोकावत होतीस हे स्वतःच्या अक्षरात लिहून देतेस? भिंग सोमवारी लावलंस, डब्यात सोमवारी घातलंस. सोमवार लिही. खोटं काहीच नाही त्यात. मी त्या गावातून का पळाले ते तुला ठाऊक आहे. शब्बाथाला शीळ घातली म्हणून याच आर्चीनं बाबांकडे माझी चहाडी केली होती.

तुझी रोडा

•

आखमोर
११ सप्टेंबर

प्रिय रोडा,

सोमवार लिहिणार नाही.

तू म्हणतेस त्यात खोटं नाही. आहे. कागद विचारतो पहिल्यांदा कधी दिसली. रविवारी दिसली. त्यावर मी प्रार्थनेतही विचार केला. मी शोधायला गेले नव्हते, साल बाजूला करायला वाकले होते. देवानं केलेली वस्तू देवाच्या दिवशी समोर आली आणि मी पाहिली. आता सोमवार लिहिलं तर रविवारचं पाहणं हे पाप होतं, झाकायची गोष्ट होती, असं मीच कबूल केल्यासारखं होईल. ते मी करणार नाही. आर्चीसाठी नाही आणि तुझ्यासाठीही नाही.

त्याच्याकडे जाऊन आले. स्कोन घेऊन गेले होते, ते त्यानं खाल्ले. मग म्हणाला, शापित झाड आहे, इतकी वर्षं उगाच ठेवलं. मी म्हटलं, "झाडानं काय केलं, आर्ची? खिळे माणसांनी ठोकले. त्यांचं तू काय जाळणार आहेस?" यावर तो बराच वेळ लोणी शोधत होता.

मला एक गंमत सुचली, ती त्यालाही सांगितली. या झाडाची भीती होती म्हणून आपल्या माणसांनी कधी त्याचं लाकूड घरात आणलं नाही. नांगराला नाही, होडीला नाही, चुलीलासुद्धा नाही. पडलं तिथं कुजू दिलं. म्हणजे आपल्या शिव्याशापांवरच या अळ्या पिढ्यान्‌पिढ्या जगल्या. आता मंडळी शहाणी झाली आणि जाळायला निघाली. आर्ची म्हणाला, "अळ्यांसाठी तू प्रभुभोजनाची तयारी अडवणार?" मी म्हटलं, अडवणार. पण वडीलमंडळापुढे बाईनं बोलायची रीत नाही, हे तू विसरली नसशील. म्युझियमचं पत्र आलं तर त्यांना वाचावं लागेल. पेटीफरसाहेब काय म्हणतात?

एफी

•

शेफील्ड
१६ सप्टेंबर

एफी,

मी चुकले. उभं राहून वाचत असशील तर बस.

पेटीफरांनी अळी पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. मग चहा न घेता वर गेले आणि कुठल्यातरी प्राध्यापकांना फोन लावला. ती साधी नाही. ही माशी तुमच्याच डोंगराळ मुलखात, मोजक्या ठिकाणी राहते आणि तिची अळी थरथऱ्याच्या ताज्या मेलेल्या खोडांच्या सालीखालीच वाढते. दुसरं झाड तिला चालत नाही. साल सुकली की संपलं. तुमचं खोरं तिच्या नकाशावर नव्हतंच. आता तुझ्यामुळे आलं. पेटीफर तुला 'मिसेस कॅटनाख' म्हणतात, जरा उभं राहून म्हटल्यासारखं.

वडीलमंडळाला म्युझियमच्या कागदावर पत्र गेलंय, पेटीफरांच्या सहीनं. सोबत तुझ्या नोंदीची प्रत मी टाइप करून जोडली आहे. भाषा इतकी गोड ठेवलीय की आर्चीला दात दुखतील. आता तू एवढंच कर, गप्प बस. एकदा तरी जमव.

रोडा

•

आखमोर
शनिवार, २३ सप्टेंबर

रोडा,

मंगळवारी मंडळाची बैठक झाली. पत्र वाचलं गेलं. पाळकसाहेब मॅकफेल नवे आणि तरुण आहेत, त्यांना ते आवडलं. म्हाताऱ्या लाखलन शॉला काही ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं होकार दिला. फाटकाजवळचा एक ढीग आर्चीनं आदल्याच दिवशी पेटवला होता, तो गेला. बाकीची खोडं ठेवायची असं ठरलं. डंकन घरी येऊन सांगत होता तेव्हा मी ओटकेक भाजत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर होता असं मी त्याला सांगितलं नाही, कारण धूर नव्हता.

काल आर्चीनं ती टाइप केलेली प्रत मला वाचायला दिली. चांगल्या मनानं दिली. 'पहिल्यांदा दिसली : सोमवार, २८ ऑगस्ट.' खाली माझं नाव.

तू मला विचारलं नाहीस.

मी तिथल्या तिथं म्हटलं, "आर्ची, हे चूक आहे. शब्बाथाला दिसली. उपासनेहून येताना." त्यानं प्रत परत घेतली. म्हणाला, "एफी, मी हे ऐकलं नाही असं धरून चालतो." इतका नरम मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

मग तो चिटणीस झाला. म्हणाला, नोंद खोटी ठरली म्हणजे पत्रही गेलं, प्रभुभोजनानंतरच्या मंगळवारी खोडं जळतील. आणि मी शब्बाथ मोडला, वर कागदावर मिरवला, म्हणून या खेपेला मला प्रभुभोजनाला बसायचा बिल्ला मिळणार नाही. मी चूक कबूल केली तर विचार करू, म्हणाला. मी विचारलं, कोणती चूक, पाहिल्याची की सांगितल्याची? त्यानं दार उघडून धरलं.

तू शीळ घालत निघून गेलीस, तुला काय त्याचं. पण सतराव्या वर्षापासून मी तो शिशाचा बिल्ला मुठीत धरून प्रभूच्या मेजाकडे चालत आलेय. बाळ गेलं त्या वर्षीसुद्धा. काल संध्याकाळी डंकनला त्याचा बिल्ला मिळाला, त्यानं तो माझ्या नजरेआड ठेवला. मला कुठं ठेवलाय ते माहीत आहे.

तुझ्यावर रागावले आहे. पेटीफरसाहेबांना खरी तारीख कळव.

एफी

•

शेफील्ड
२६ सप्टेंबर

एफी,

अगं, खोडं वाचली होती. वाचली होती, आणि तू स्वतः जाऊन काडी ओढलीस.

मी बदलली तारीख, हो. आर्चीनं तुला छळू नये म्हणून. पाठोपाठ मंडळाला लिहिते की टाइप करताना माझी चूक झाली. मी आधीच त्यांच्या यादीतून गेलेली आहे, माझ्यावर एक गुन्हा जास्त चढला तर काय बिघडतं. तू फक्त म्हण की तुला नीट आठवत नाही. बासष्ट वर्षांच्या बाईला नाही आठवत, कोण काय म्हणेल?

पेटीफरांना खरं सांगितलं. माझ्यावर चिडले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, "ज्या बाईला दिवस बदलायचा नाही, तिच्या बाकीच्या सगळ्या नोंदी मी डोळे मिटून घेईन." आणि कॅलेंडरच्या पाठीवरच्या त्या कोबीच्या अळ्या सगळ्या रजिस्टरात चढवल्या.

मी चुकले, एफी. पण हट्टीपणा पुरे. खोडांचा तरी विचार कर.

रोडा

•

आखमोर
मंगळवार, ३ ऑक्टोबर

प्रिय रोडा,

नीट आठवत नाही, असं मी म्हटलं नाही. मला नीट आठवतं.

परवा प्रभुभोजन झालं. तू गेल्यापासून आमच्याकडे काही बदललेलं नाही. पुढच्या बाकांवर तशाच पांढऱ्या चादरी, पेटी नाही, बाजा नाही, आर्ची स्तोत्राची ओळ आधी गातो आणि मंडळी उचलते. मेजाकडे जाणारे जागेवर बसेपर्यंत स्तोत्र चालू ठेवायचं, तेही तसंच. आणि वाटेच्या तोंडाशी लाखलन शॉ थाळी घेऊन बिल्ले गोळा करायला.

डंकन उठला. मीही उठले. "एफी," एवढंच तो म्हणाला आणि मग बाजूला होऊन त्यानं मला पुढं जाऊ दिलं.

लाखलननं थाळी पुढं केली. मी रिकामा हात दाखवला. त्यानं आर्चीकडे पाहिलं, आर्चीनं मान हलवली, गाता गाता. मी तिथंच उभी राहिले. परत फिरले नाही, पुढं घुसले नाही. वाट अडली. माझ्यामागं डंकन, त्याच्यामागं पाच गावांची माणसं. स्तोत्र संपलं. मेज भरलेलं नाही, पाळकसाहेब सुरू करत नाहीत. आर्चीनं पहिल्या कडव्यापासून पुन्हा धरलं. मंडळीनं उचललं. तेही संपलं. मी उभी. आर्चीला गेला आठवडाभर सर्दी आहे, माझ्याच घरून मध नेला होता. तिसऱ्यांदा धरलं तेव्हा ओळ अर्ध्यावर फाटली आणि आवाज आलाच नाही.

 माळावर अजून उभ्या असलेल्या थरथऱ्यांची पानं आत ऐकू येत होती.

पाळकसाहेब खाली आले. त्यांनी विचारलं, मी शोधायला गेले होते का? मी म्हटलं, "नाही. दिसली. आणि दिसली म्हणून सांगितली. सोमवार म्हटलं असतं तर आज माझ्या हातात बिल्ला असता."

लाखलनला हे ऐकू गेलं. त्याला हवं ते ऐकू जातं. तो आर्चीकडे वळला आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "बूट आपण शनिवारी पुसून ठेवतो. बटाटे शनिवारी उकडून ठेवतो. डोळे काय शनिवारी काढून ठेवायचे?"

मग त्यानं थाळीत बोटं घातली, एक बिल्ला उचलून माझ्या तळहातावर ठेवला, माझी मूठ मिटली आणि थाळी पुन्हा पुढं केली. "टाक आता," म्हणाला. "माझे पाय दुखतात."

मी टाकला. शिसं गार होतं, नेहमीसारखंच. पाळकसाहेबांनी काही हरकत घेतली नाही. मी जाऊन बसले, डंकन शेजारी बसला. भाकर माझ्याकडे आली, मी तुकडा मोडून ती डंकनकडे दिली. 

काल आभारप्रार्थनेनंतर मंडळ बसलं. मेजाशी बसलेल्या बाईनं शब्बाथ मोडला असं आता म्हणता येत नाही, आणि मोडला नाही तर नोंदीत खोट नाही, असा पाळकसाहेबांनी हिशोब लावला. आर्चीनं तो ठराव आपल्या हातानं लिहिला. आज मंगळवार. माळावर धूर नाही. मी सकाळी जाऊन सालीवरचे दगड पाहून आले.

तुझ्यावरचा राग उतरलाय, पूर्ण नाही. नाताळपर्यंत उतरेल.

एफी

•

आखमोर
सोमवार, ११ जून १९९०

प्रिय रोडा,

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे देवाचे उपकार. तू त्याला डॉक्टरचे म्हण, मी भांडणार नाही.

काल उपासना सुटली. चर्चच्या फाटकाशी रोवनच्या झाडाला फुलं आली आहेत, पांढरी फट्ट. आर्ची तिथं नेहमीप्रमाणे मंडळीशी हात मिळवायला उभा. मी बाहेर आले तर त्याचा उजवा हात पुढं, ताठ, आणि तो डावा हात देतोय. लोकांना वाटलं खांदा धरलाय. मिसेस ग्रँटनं तर त्याला चोळायला लिनिमेंट सुचवलं.

"एफी," तो ओठ न हलवता म्हणाला. "हलू नकोस. म्हणजे ये, पण हळू."

त्याच्या काळ्या कोटाच्या बाहीवर ती बसली होती. अळी नव्हे, पंख फुटलेली. गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची, पाय पुसत. उन्हात चमकत होती. माळाच्या बाजूनंच आली असणार, दुसरं येणार कुठून. आम्ही दोघं तिथं किती वेळ उभे होतो कोण जाणे. डंकन म्हणतो, लोक घरी गेले तरी आम्ही तिथंच. ती उडाली, रोवनच्या फुलावर जाऊन बसली, आणि आर्चीनं तेव्हा हात खाली घेतला.

मग मी त्याच्याशी हात मिळवला. सोपं नव्हतं ते.

आज सकाळी तो आला. चहा घेतला, स्कोन खाल्ले, या खेपेला लोणी लगेच सापडलं. मग विचारलं, "तू ते शेफील्डला कळवणार?"

"कळवणार."

"मी सकाळी फाटकाशी जाऊन आलो. आज पण होती तिथं. आजची तारीख घाल."

मी कपाटातून नोंदीचा कागद काढला, त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "पहिल्यांदा कधी दिसली, आर्ची?"

त्यानं कपात उरलेला गार चहा संपवला.  

"काल," म्हणाला.

मी लिहिलं. कुणाला दिसली, या रकान्यात 'आ. कॅटनाख' घालत होते, तर त्यानं कागदावर बोट ठेवलं. "नाव पूर्ण लिही."

तर नोंद अशी आहे, आणि यात कुणी एक अक्षर बदलायचं नाही, तू तर नाहीच :

ठिकाण : आखमोर, चर्चचं फाटक.
काय दिसलं : थरथऱ्याची फुलमाशी, प्रौढ, एक.
कशावर : काळा कोट, नंतर रोवनचं फूल.
पहिल्यांदा कधी दिसली : १० जून १९९०, शब्बाथ.
कुणाला दिसली : आर्चीबाल्ड जेम्स कॅटनाख, चिटणीस, वडीलमंडळ.

तुझी,
एफी